पित्त उठण्याचं कारण शोधताना

मला पहिल्यांदा पित्त उठलं ते १२ मार्च २०२३ ला, रंगपंचमीच्या संध्याकाळी. इंदुरात रंगपंचमी म्हणजे गेर, रंगांची मिरवणूक. राजवाड्याच्या आसपास माणसांचा समुद्र, टँकरवरून उडणारे पाण्याचे फवारे, वर गुलालाचे ढग. आम्ही दोघं नवरा-बायको दरवर्षी जातो. त्या दिवशीही दोन तास ओलेचिंब भिजलो आणि स्कूटरवर वाऱ्यातच कपडे वाळवत सुदामा नगरला घरी आलो. आंघोळ केली, चहा घेतला. साडेपाचच्या सुमारास पोटरीला खाज सुटली. अर्ध्या तासात दोन्ही दंड, पोट, परकराची नाडी बसते ती कंबर, सगळीकडे लालबुंद गांध्या. एक विरली की शेजारी दुसरी.

त्या दिवशी सगळ्यांनी रंगाला दोष दिला. मीही दिला. पण आठ दिवसांनी रंग अंगाला न लागताच पुन्हा उठलं, मग चार दिवसांनी, मग जवळजवळ रोज.

देवासहून आईचा फोन आला : आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लाव आणि गार दूध पी, पित्त आहे ते. समोरच्या भाभी बघायला आल्या. त्या म्हणाल्या, "पित्ती उछली है, कंबल ओढ़ के सो जाओ और गुड़-अजवाइन खाओ." एप्रिल तोंडावर आलेला, त्यात कांबळं कोण पांघरणार! मला आईचंच पटलं. पित्त म्हणजे उष्णता आणि उष्णतेवर गार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी आमसूल लावलं, गार दुधात गुलकंद घेतला, सब्जा प्यायला, आणि कूलर अगदी पलंगाला भिडवून ठेवला. पित्त काही हटेना.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी नीट वेळ देऊन तपासलं. रक्ताच्या तपासण्या केल्या, थायरॉइड पाहिलं, हातावर पाच मिनिटं बर्फाचा खडा धरून ठेवला आणि काढल्यावर त्या जागी काही उठतं का ते पाहिलं. काही उठलं नाही. रिपोर्ट सगळे चांगले. त्यांनी रात्रीची एक गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं की सहा आठवड्यांच्या वर चाललं की याला जुनाट म्हणतात, अशा रोग्यांत बऱ्याचदा ठरावीक बाहेरचं कारण सापडत नाही, पण गोळीनं आवरता येतं. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली : ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास अडला, तर कुणाला काही विचारत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. ही गोष्ट मीही इथे मुद्दाम लिहून ठेवते.

त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. गोळीनं झोप लागत होती, हेच मोठं होतं. पण मी आठवी ते दहावीच्या मुलांना घरी गणित शिकवते. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नसतील तर मी मार्क कापते. "कारण सापडत नाही" हे उत्तर मला बोचत राहिलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी रामबागेतल्या एका वयस्कर वैद्यांकडे गेले. त्यांना सगळे काकाच म्हणतात.

काकांनी आधी गोळीची पट्टी मागितली, नाव वाचलं आणि परत दिली. "ही चालू ठेवा. मला गोळीशी भांडायचं नाही, निदान बघायचंय."

मी फाइल पुढे केली. "निदान झालंय काका. अर्टिकेरिया, म्हणजे हेच पित्त उठणं."

ते हसले नाहीत. समजावून सांगितलं. आपण मराठीत निदान म्हणतो ते रोग कुठला हे ठरवण्याला. शास्त्रात निदान या शब्दाचा पहिला अर्थ कारण. हेतू, निमित्त, आयतन, प्रत्यय, समुत्थान ही सगळी त्याचीच नावं चरकसंहितेच्या निदानस्थानात सुरुवातीलाच दिली आहेत. रोग ओळखायची साधनं पाच : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. म्हणजे कारण, आधीच्या खुणा, प्रत्यक्ष लक्षणं, कशानं बरं वाटतं ते, आणि आत रोग घडला कसा ते. "तुमच्या फाइलीत रूप आहे, छान लिहिलेलं आहे. बाकीची चार घरं रिकामी आहेत."

तासाभराहून जास्त वेळ ते विचारत होते. नाडी पाहिली, जीभ पाहिली (जिभेवर पांढरा थर होता), आणि प्रश्न, प्रश्न, प्रश्न. पहिली गांधी कुठे उठते? किती वाजता? त्याआधी अंग जड होतं का, तोंडाची चव जाते का, मळमळतं का? ही पूर्वरूपं, आणि तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर हो होतं. पण मला ते त्या रोगाचं वाटलंच नव्हतं. पांघरूण घेतल्यावर बरं वाटतं की वारा घेतल्यावर? या प्रश्नाला मी अडखळले. वारा घेतल्यावर खाज क्षणभर थांबते, पण नंतर जास्त फुटतं. हे मी तोंडानं पहिल्यांदाच म्हणत होते.

तेव्हा त्यांनी मागच्या फळीवरून पाठीचा कणा निखळलेलं माधवनिदान, रोग ओळखण्यावरचा जुना संस्कृत ग्रंथ, काढलं आणि शीतपित्ताचा श्लोक वाचून दाखवला. "शीतमारुतसंस्पर्शात् प्रदुष्टौ कफमारुतौ." गार वाऱ्याच्या स्पर्शानं कफ आणि वात बिघडतात, मग पित्ताला बरोबर घेऊन आत-बाहेर पसरतात. पुढे गांधीचं वर्णन आहे : "वरटीदष्टसंस्थानः", म्हणजे गांधीलमाशी चावल्यावर उठावं तसं. मी दंडाकडे पाहिलं. मराठीतही तीच गांधी आणि तीच गांधीलमाशी. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका रोग्याचा हात माझ्या हातासारखाच निरखून पाहिला होता, आणि त्याला आठवली ती तीच माशी. मला तिथे अंगावर वेगळाच काटा आला.

आणि नावात पित्त असलं तरी सुरुवात गारव्यापासून, वात-कफापासून! दोन महिने मी रोगावर नव्हे, त्याच्या नावावर औषध घेत होते. गार दूध, सब्जा, कूलर. कांबळं पांघरा म्हणणाऱ्या भाभींची आठवण होऊन मला वाईट वाटलं. त्यांचे ओवा-गूळही काकांना माहीत होते. जुन्या चिकित्साग्रंथांत या रोगावर ते सांगितलेले आहेत.

मी म्हटलं, "पण बर्फानं काही उठलं नाही."

"म्हणूनच वही करायची," काका म्हणाले.

लेकीची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही मी घेतली. काकांनी पहिल्या पानावर स्वतः रकाने आखून दिले. वेळ, जागा, आधीच्या दिवसभरातलं खाणंपिणं, झोप, पोट, हवा. शेवटचा रकाना होता "अडवलेलं". शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असं चरकानं सांगितलं आहे : मूत्र, मल, शुक्र, पोटातला वारा, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानं लागलेली धाप. रोज रात्री तो रकाना भरताना मला माझ्या दिवसाकडे बघायची सवय लागली. चार ते नऊ माझ्या बॅचेस. मधे उठले तर मुलं दंगा करतात म्हणून मी लघवीला जातच नसे. तहान लागू नये म्हणून पाणी पीत नसे. हे मी वीस वर्षं करत होते.

एक पान जसंच्या तसं देते. "९ मे, मंगळवार. दुपारी जेवण १.३०. झोप २.०५ ते ३.४०, कूलरसमोर. उठल्यावर डोकं जड. ४.१० ला डावा दंड, मग मान, ४.३० ला कंबर. अडवलेलं : लघवी, ६ ते ९. रात्री पोळी, दोडक्याची भाजी."

दहा-बारा दिवसांनी वही घेऊन गेले. काकांनी बोट ठेवत ठेवत सगळी पानं वाचली. मग म्हणाले, "ताई, सकाळी जिभेवर थर आहे, आंबट ढेकर रोज लिहिलेत. दोडक्याच्या भाजीनं हे होत नाही. रात्री पोळीनंतर काय?"

पोळीनंतर सराफा. ज्यांना इंदूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं असतात, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. आम्ही दोघं आठवड्यातून तीन-चार वेळा साडेदहाला निघायचो. थंडीत गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, दहीबडा, वर रबडी. उन्हाळ्यात शिकंजी, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं दूध, त्यात आंबट ताक आणि सुका मेवा. हे सगळं मी वहीत लिहिलं नव्हतं. लाज वाटली होती.

काकांनी रागावलं नाही. "कधीपासून?"

दिवाळीपासून. लेक नोकरीसाठी पुण्याला गेली ती दिवाळी झाल्याबरोबर, २०२२ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस. त्यानंतर रात्री दोघांनीच ताटं मांडून जेवणं जीवावर यायचं. हे म्हणायचे, चल, चक्कर मारून येऊ. चक्कर सराफ्यापर्यंत जायची. तिथे माणसं असायची, दिवे असायचे, कढईचा आवाज असायचा. घरी आलो की लगेच झोप लागायची. दुपारची झोपही तेव्हापासूनचीच. आधी त्या वेळात तिचा डबा, तिचे कपडे, तिच्याशी गप्पा असत. सांगताना माझा गळा दाटला, तेव्हा काकांनी वहीच्या शेवटच्या रकान्याकडे बोट केलं. तिथे एकाही दिवशी मी अश्रू लिहिले नव्हते.

मग त्यांनी मला कारणांचे प्रकार समजावले, आणि या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तीच. माधवनिदानावर मधुकोश नावाची टीका आहे, तिच्यात हेतूचे चार भेद सांगितले आहेत. सन्निकृष्ट म्हणजे अगदी जवळचा, आजचा, या घटकेचा. विप्रकृष्ट म्हणजे दूरचा. त्याचं उदाहरणच असं की हेमंतात साठलेला कफ वसंतात रोग करतो. व्यभिचारी म्हणजे दुबळा हेतू, जो एकटा रोग निर्माण करू शकत नाही. आणि प्राधानिक म्हणजे विषासारखा प्रबळ, जो बाकी कशाची वाट पाहत नाही.

"आता तुमची रंगपंचमी मांडा," काका म्हणाले, आणि मी वहीच्या मागच्या पानावर गणितासारखी मांडली. दिवाळी ते शिवरात्र : रात्री उशिराचं जड, आंबट-गोड खाणं, दुधाबरोबर आंबट (चरकाच्या यादीत हे विरुद्धच), दुपारची झोप. म्हणजे कफाचा साठा, विप्रकृष्ट हेतू. मार्च : वसंत ऋतू, साठलेला कफ पातळ होण्याचा काळ. या काळात दिवसा झोपू नये, जड-आंबट खाऊ नये असं ऋतुचर्येत सांगितलेलंच आहे. १२ मार्च : दोन तास गार पाणी, अंगावर ओले कपडे, स्कूटरचा वारा. सन्निकृष्ट हेतू. आणि ज्याला सगळ्यांनी धरलं होतं तो रंग? फार तर व्यभिचारी. बर्फाचा खडाही तसाच. नुसता गारवा माझ्या बाबतीत पुरा पडत नव्हता.

सुश्रुतानं रोग चढण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत, संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती (लक्षणं दिसू लागणं) आणि भेद. गांधी दिसते ती पाचव्या पायरीवर. मी पाचव्या पायरीपासून मोजायला सुरुवात केली होती आणि पहिल्या चारांचा हिशेब लागत नाही म्हणून चिडत होते.

एक शब्द मात्र मला टोचला : प्रज्ञापराध. रोगाची तीन मुळं चरक सांगतो, इंद्रियांचा विषयांशी चुकीचा संबंध, प्रज्ञापराध आणि काळाचा परिणाम. सगळं कळत असून मी रात्री अकराला दही खात होते, तो प्रज्ञापराध. मी काकांना म्हटलं, अपराध हा शब्द रोग्याला फार लागतो. आधीच माणूस खाजवून खाजवून बेजार असतो, त्यात चूक तुझीच असं ऐकायचं. काकांनी शांतपणे सांगितलं की व्याख्येत आधी धी, धृती आणि स्मृती हे तीन शब्द येतात. कळणं, धरून ठेवणं आणि आठवणं. या तिन्हींतलं काही सुटलं की हातून अहित घडतं. "तुमचं कळणं शाबूत आहे. धृती सुटली. लेक गेल्यावर सुटते. म्हणून शिक्षा नाही करायची, धृतीला आधार द्यायचा."

मी आणखी एक विचारलं. ग्रंथांत पूर्वकर्मामुळे होणारे रोगही सांगितले आहेत ना? ते म्हणाले, आहेत; पण मी ते कुणाच्या वहीत लिहून घेत नाही, ज्याला हात घालता येतो तेवढंच लिहून घेतो. मला हे पटलं. रोग्याला मागच्या जन्माचं पाप सांगून गप्प करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला कधीच मान्य होणार नाही.

पुढचे पंधरा दिवस निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणं. सुश्रुतसंहितेत चिकित्सेची थोडक्यात व्याख्याच ती आहे : "संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्." काकांनी औषधही दिलं, पण ते माझी प्रकृती पाहून दिलेलं होतं, म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. दुपारची झोप बंद. कूलर समोरून काढून खिडकीकडे वळवला. जेवण दोन बॅचेसच्या मधे साडेसहाला. त्यासाठी वेळापत्रक बदललं, आणि मुलांना सांगितलं की बाई मधे दहा मिनिटं उठणार. मुलांनी एकदाही दंगा केला नाही. आंघोळीआधी सरसूचं (मोहरीचं) तेल, मग कोमट पाणी. इंदुरात मे महिन्यात कोमट पाण्यानं आंघोळ करणं किती जड जातं ते केलेल्यालाच कळेल. पहिले चार दिवस दुपारी डोकं इतकं दुखायचं की मी भिंतीला टेकून बसून राहायची. पाचव्या दिवशी गांध्या कमी. नवव्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं, "आज काही नाही", आणि ते पान यांना नेऊन दाखवलं.

खरी परीक्षा त्यानंतर होती. काकांनी एकेक गोष्ट परत सुरू करायला लावली, प्रत्येकीला तीन दिवस. हा उपशय-अनुपशयाचा भाग, म्हणजे कशानं बरं वाटतं आणि कशानं वाढतं ते पाहणं. दुपारच्या जेवणात ताजं दही : काही नाही. वांगं, ज्याच्यावर सगळ्या नातेवाइकांचा राग : काही नाही. खुर्चीत बसून डुलकी : काही नाही. नुसता कूलर : हातावर दोन-तीन गांध्या, तासाभरात गेल्या. नुसता सराफा : त्या रात्री काही नाही, दुसऱ्या दिवशी जिभेवर थर. आणि मग एके दिवशी रात्रीचा सराफा, दुसऱ्या दिवशी आडवं होऊन झोप आणि कूलर, तिन्ही एकत्र. चार वाजून पाच मिनिटांनी दंडापासून सुरुवात, सातपर्यंत पाठ भरली. इतकी खाज होती तरी मी वहीत वेळ लिहीत होते आणि मनातून स्वस्थ होते. समीकरण सुटत होतं.

वही घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडेही गेले. त्यांनी पानं चाळली, काही प्रश्न विचारले आणि गोळी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड अशी हळूहळू कमी केली. स्वतःच्या मनानं मी एकही गोळी बंद केली नाही. पावसाळ्यात दोनदा जोरात उठलं, दोन्ही वेळा पावसात भिजून आल्यावर. एरवी आठवड्यातून एखादी गांधी, कधी तीही नाही.

लेक दिवाळीला आली तेव्हा आम्ही तिघं सराफ्यात गेलो. साडेआठलाच गेलो, दुकानं नुकती लागत होती. मी गरम भुट्ट्याचा कीस खाल्ला, दहीबडा तिला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी झोपलो नाही, गप्पा मारत बसलो.

वहीत एक नोंद मात्र अजून जुळत नाही. ११ जून, रविवार. रात्रीचं जेवण लवकर, दुपारची झोप नाही, कूलर बंद, पोट साफ, अडवलेलं काही नाही. तरी संध्याकाळी सहाला पोट आणि मांड्या भरून गांध्या. काकांनी त्या पानाशी दुमड घातली, खाली पेन्सिलीनं "पुन्हा विचारणे" असं लिहिलं, आणि दर भेटीत ते पान उघडून मला त्या दिवसाचं काहीतरी नवीन विचारतात. मागच्या खेपेला विचारलं, त्या दिवशी कुणाचा फोन आला होता का? मला आठवत नव्हतं. घरी येऊन मी जुने मेसेज शोधायला बसले आहे.